अंदमानातला मुक्काम: आधी ओहोटी, मग बोट, शेवटी खोली

हॅवलॉकच्या हॉटेलांचे फोटो बघताना एवढं धरून चालावं, की ते भरतीला काढलेले असतात. बहुतेक मुक्कामाच्या जागा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे सरतं आणि समोर उरतात मेलेल्या प्रवाळाचे खडबडीत दगड, शेवाळ आणि घोटाभर पाण्याची डबकी. दिसायला तेही सुंदर असतं, पण त्यात पोहता येत नाही आणि अनवाणी चालताही येत नाही. खोलीच्या पायरीवरून थेट समुद्रात उतरायचं, या कल्पनेवर जास्तीचे पैसे मोजलेले लोक दुपारी कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर उभे दिसतात ते यामुळेच.

आम्ही चौघं होतो: दोघं नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तरीच्या सासूबाई. ७ ते १३ फेब्रुवारी २०२६ असे सात दिवस. विमानाची तिकिटं दिवाळीनंतर, २८ ऑक्टोबरला काढली आणि मुक्काम पक्का व्हायला पुढचे साडेतीन आठवडे लागले. त्यातले पहिले दहा दिवस चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे वाया गेले. आधी खोल्या बघितल्या, मग बोटी, आणि भरती-ओहोटी सगळ्यात शेवटी. हा क्रम बरोबर उलटा हवा.

नावांचा घोळ आधी मिटवून घ्यावा. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. ही नावं डिसेंबर २०१८ मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. बुकिंगच्या साइटवर काही हॉटेलं जुन्या नावाखाली सापडतात, काही नव्या, म्हणून दोन्ही नावांनी शोधायचं. खुद्द बेटावर वेगळीच भाषा चालते. तिथे किनारे नंबरांनी ओळखले जातात: तीन नंबर म्हणजे गोविंदनगरचा बाजार, पाच नंबर म्हणजे विजयनगर, सात नंबर म्हणजे राधानगर. रिक्षावाल्याला हॉटेलाचं नाव नाही सांगितलं तरी चालतं, नंबर मात्र सांगावा लागतो.

आता किनाऱ्यांचं. राधानगर बेटाच्या पश्चिमेला आहे. वाळू मऊ, पाण्यात दगड नाहीत, उतार हळूहळू खोल होत जाणारा. ओहोटीतही पोहता येईल असा हॅवलॉकवरचा हाच भरवशाचा किनारा. २००४ साली ‘टाइम’ने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. जीवरक्षक असतात, पोहण्याची हद्द आखलेली असते, अंधार पडायच्या आत सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. अडचण एवढीच, की भोवती राखीव जंगल असल्यामुळे मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत आणि बहुतेक महाग. काहींचं एका रात्रीचं भाडं आमच्या सगळ्या सहलीच्या खोल्यांच्या भाड्याच्या आसपास जात होतं. जेटीपासून अंतर बारा किलोमीटरच्या घरात, आणि रात्री जेवायला हॉटेलाबाहेर फारसे पर्याय नाहीत.

पूर्वेला जेटीकडून खाली येताना तीन नंबर, पाच नंबर आणि शेवटी कालापत्थर लागतं. खानावळी, औषधाचं दुकान, एटीएम, डायव्हिंगची दुकानं, स्कूटर भाड्याने देणारे, सगळं या पट्ट्यात, मुख्यतः तीन आणि पाच नंबरच्या मध्ये. पाच नंबर जेटीपासून पाचेक किलोमीटरवर आहे. सूर्योदय इकडून, सूर्यास्त राधानगरहून. बरोबर वयस्कर माणूस असेल किंवा डायव्हिंग करायचं असेल, तर पूर्व किनारा सोयीचा. पोहण्यासाठी रोज एकदा राधानगरला जायचं. दिवसभर पाण्यातच राहायचं असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर राधानगर. आम्ही पाच नंबर निवडला आणि ‘समुद्राला लागून’ या शब्दांसाठी पैसे मोजायचे नाहीत, असं ठरवलं.

पूर्व किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून बघायची गोष्ट म्हणजे रस्ता. जेटीपासून कालापत्थरपर्यंतचा रस्ता समुद्राला समांतर जातो आणि बरीच हॉटेलं त्याच्या आतल्या अंगाला, सुपारीच्या बागांकडे आहेत. त्यांच्याही नावात ‘बीच’ असतं. आम्ही जवळजवळ पक्की केलेली एक जागा अशीच निघाली. साइटवर ‘सी फेसिंग’, आणि नकाशाचं उपग्रहचित्र मोठं करून पाहिलं तर मध्ये रस्ता, त्यापलीकडे दुसऱ्याच हॉटेलाची भिंत. नकाशावरची खूण काही वेळा मालकाने अंदाजाने टाकलेली असते, तेव्हा पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंत रस्ता, विजेचे खांब, भिंत कुठे दिसते ते शोधायचं. खोलीपासून वाळूपर्यंत किती पावलं, हा प्रश्न फोनवर विचारला की उत्तर सहसा खरं मिळतं. ‘सी व्ह्यू आहे का’ विचारलं की सगळीकडे ‘हो’च.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या माणसाला नवं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण: पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग: चढ-उतार कमी. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. फक्त तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपल्याकडची रीत अंदमानात चालवू नये. बंदर बदललं की हिशेब बदलतो. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक ऑनलाइन मिळतं, त्यातून आपल्या तारखांच्या वेळा उतरवून घ्याव्यात. आमच्या तारखांत १ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होऊन गेली होती आणि ९ तारखेला कृष्ण अष्टमी होती, म्हणजे हॅवलॉकचे दिवस भांगाचे. पूर्व किनाऱ्यावर पाणी त्या मानाने कमी मागे जाणार, हा फायदा. तोटा नीलला कळला, तो पुढे येईलच.

यानंतर बोट. खोलीच्या आधी बोटीची तिकिटं का, तर मुक्कामाचा क्रम बोट ठरवते. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक, हॅवलॉक ते नील, नील ते पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण बहुतेक लोक करतात. खाजगी बोटी वातानुकूलित असतात आणि पहिला टप्पा साधारण दीड तासात पार करतात. सरकारी बोटी बऱ्याच स्वस्त, पण अडीच तासांच्या आसपास घेतात, तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि स्थानिकांची गरज आधी भागवली जाते, जे योग्यच आहे. सात दिवसांच्या सहलीचा डोलारा त्यांच्यावर उभा करता येत नाही. आम्ही तिन्ही टप्प्यांची खाजगी तिकिटं १० नोव्हेंबरला काढली. चौघांचे मिळून अठरा-साडेअठरा हजार गेले. नावं आधारवर आहेत तशीच टाकावीत, मुलांचीही, कारण जेटीवर ओळखपत्र तपासतात. बोट कोणत्या जेटीवरून सुटते, हॅडो की फिनिक्स बे, हे तिकिटावर वाचून ठेवावं. दोन्ही ठिकाणं वेगळी आहेत आणि ऐनवेळी घोळ होतो.

पहिली रात्र कुठे, हेही बोटच सांगते. मुंबई-पुण्याहून बहुतेक विमानांना चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरूला थांबा असतो. सकाळी नऊ-दहापर्यंत उतरत असाल, तर दुपारच्या बोटीने त्याच दिवशी हॅवलॉक गाठता येतं. आमचं विमान पावणेबाराला उतरणार होतं. सामान यायला अर्धा तास, जेटीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं आणि बोटीच्या वेळेआधी तासभर हजर राहायचं. कागदावर जमतं, पण विमानाला तासभर उशीर झाला की चार तिकिटं बुडाली आणि हॅवलॉकची एक रात्रही बुडाली. विमान उतरण्यात आणि बोट सुटण्यात किमान साडेतीन तास नसतील, तर पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी.

शेवटची रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच, यात वाद नको. समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि दुसरी वाट नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक काही दिवस अडकले होते. त्यांना काढायला नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या बोटी आल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र सहसा शांत असतो, तरी विमानाच्याच दिवशी सकाळच्या बोटीने यायचा हिशेब धरू नये. डायव्हिंग केलं असेल तर आणखी एक कारण आहे: एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं.

एवढं झाल्यावर खोली. अकरा जागांची यादी होती, फोन सात ठिकाणी लागला. प्रश्न एका कागदावर लिहून ठेवले होते आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारले.

पहिला प्रश्न विजेचा. बेटावर वीज डिझेलच्या जनित्रांवर चालते आणि ती जाते. ‘बॅकअप आहे’ याचा अर्थ दोन प्रकारचा असू शकतो: काही ठिकाणी त्यावर एसी चालतो, काही ठिकाणी फक्त दिवा आणि पंखा. म्हणून ‘लाइट गेल्यावर एसी चालतो का’ असंच विचारावं. सातपैकी तीन ठिकाणी उत्तर ‘नाही’ आलं. दुसरा प्रश्न खोली कशाची. बांबूची, झावळ्यांच्या छपराची झोपडी स्वस्त आणि हवेशीर असते, फोटोत तर फारच छान. पण फटींतून पाली, बेडूक आणि डास येतात, शेजारच्या खोलीतलं घोरणं ऐकू येतं आणि काही ठिकाणी न्हाणीघर बाहेर असतं. तरुण मंडळींना काहीच हरकत नाही. सासूबाईंसाठी आम्ही पक्क्या बांधकामाची, तळमजल्याची, पायरी नसलेली खोली मागितली आणि कमोड आहे ना, हेही विचारून घेतलं.

मग वेळा. अंदमानात बोटी सकाळी लवकर सुटतात, त्यामुळे बऱ्याच हॉटेलांत चेकआउट सकाळी आठ-नऊलाच असतो. मुख्य भूमीवरची बारा-अकराची सवय इथे उपयोगाची नाही. आपली बोट दुपारी असेल तर सामान कुठे ठेवायचं, समुद्रातून आल्यावर अंघोळीची सोय आहे का, हे आधी ठरवून घ्यावं. बोट पहाटेची असेल तर भाड्यात धरलेला नाश्ता हुकतो. आदल्या रात्री सांगितलं तर बरीच हॉटेलं तो बांधून देतात. जेटीवरून नेण्या-आणण्याची सोय भाड्यात आहे की वेगळी, तेही विचारावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोट रद्द झाली तर पैशांचं काय. साइटवरचं ‘नॉन-रिफंडेबल’ भाडं दहा-बारा टक्के कमी दिसतं, पण बेटावर पोचणंच आपल्या हातात नसताना ती बचत घेऊ नये. एका मालकाने बोट रद्द झाल्यास तारीख बदलून देतो म्हणून सांगितलं. ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागितलं, त्याने दिलं. बुकिंग तिथेच केलं.

त्याच व्हॉट्सअॅपवर ‘आज दुपारी ओहोटीला किनाऱ्याचा एक फोटो पाठवाल का’ असंही सर्वांना विचारलं होतं. सातपैकी चौघांनी पाठवला. न पाठवणाऱ्यांत एक जण म्हणाला, ‘आमच्याकडे ओहोटी येत नाही.’

कराचं एक गणित इथेच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाचे जवळजवळ बाराशे होतात. किंमत या रेषेच्या आसपास असेल तर हॉटेलशी थेट बोलून भाडं रेषेखाली येतं का पाहावं. आमचं शेवटी असं झालं: हॅवलॉकला शेजारशेजारच्या दोन खोल्या, प्रत्येकी ५,२०० अधिक कर, तीन रात्री, नीलला चौघांची एक खोली ४,५०० अधिक कर, एक रात्र, पोर्ट ब्लेअरला चौघांची खोली ३,४०० अधिक कर, सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन रात्री. एकूण ४४,६२५ रुपये. आगाऊ तीस टक्के भरले, बाकी तिथे पोचल्यावर. शेवटचं बुकिंग २१ नोव्हेंबरला झालं.

८ फेब्रुवारीला सकाळच्या बोटीने हॅवलॉक. जेटीवर उतरल्यावर बाहेर पडायला वीसेक मिनिटं लागतात, कारण सगळ्यांचं सामान एकदम उतरतं. हॉटेलच्या दोन खोल्यांपैकी एकीचा बॅकअप फोनवर सांगितल्याप्रमाणे चालत होता, दुसरीचा फक्त पंख्यापुरता. दाखवून दिल्यावर संध्याकाळपर्यंत खोली बदलून मिळाली. सामान उघडायच्या आधी हे बघून घेतलेलं बरं: मुख्य बटण पाडायला सांगायचं आणि एसी चालतो का पाहायचं. नळ, गरम पाणी आणि दाराची कडी याच वेळी.

पाच नंबरवर राहून राधानगरला जाताना वेळेचं भान ठेवावं लागतं. घड्याळ आपलंच असलं तरी अंदमान पूर्वेला खूप दूर आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि पाच-वीस, पाच-पंचवीसला मावळतो. चारला निघून गेलं तर पाण्यात तासभरही मिळत नाही, दोनला निघावं. परतीचं वाहन जातानाच ठरवून ठेवावं, कारण सूर्यास्त झाला की सगळे एकदम निघतात आणि काळोख पडल्यावर रिक्षा मिळणं कठीण होतं. स्कूटर चालवता येत असेल तर स्वस्त पडते, दिवसाचे पाचशेच्या आसपास आणि पेट्रोल आपलं. राधानगरच्या एका टोकाला नील्स कोव्ह नावाची शांत खाडी आहे. २०१० मध्ये तिथे मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मृत्यू झाला. पाण्यात उतरू नका अशी पाटी दिसली, तर पाणी कितीही स्वच्छ असलं तरी उतरू नये.

वाळूतल्या बारीक माश्यांबद्दल हॉटेलं आपण होऊन सांगत नाहीत. डासांहून लहान असतात, चावल्याचं लगेच कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायांवर खाज सुटणारे फोड येतात. सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूवर टॉवेल टाकून पडणाऱ्यांना जास्त. पायांना खोबरेल तेलाचा जाड हात लावला की त्यातल्या त्यात कमी चावतात. किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या झोपड्यांत हा त्रास खोलीतही येतो, रस्त्यापलीकडच्या खोल्यांत कमी. थोडं आत राहण्याचा हा एक फायदाच.

यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, नेटवर्क असेपर्यंत. चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल २०२० पासून सुरू आहे, तरी बेटावर मोबाइलचं नेटवर्क मध्येच जातं आणि एटीएम रिकामं असू शकतं. खोलीच्या उरलेल्या पैशांपुरती तरी रोकड पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघावं.

११ तारखेला नील. बेट एवढं लहान, की कुठेही राहिलात तरी कुठलाही किनारा पाचेक किलोमीटरच्या आत, म्हणून इथे निवडीचा फार काथ्याकूट करू नये. एकच रात्र असेल तर जेटीला लागून भरतपूरजवळ राहावं: सामान ओढायला नको आणि उथळ निळं पाणी समोर. दोन रात्री असतील तर सूर्यास्ताच्या लक्ष्मणपूरकडे जास्त शांत. सूर्योदयासाठी सीतापूर, पण तिथे लाटा जोरात असतात, लहान मुलांना पाण्यात सोडू नये. भांगाचा तोटा इथे निघाला. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच चालत जाऊन बघता येतो, आणि भांगात पाणी पुरेसं उतरत नाही. दगडांवरून अर्ध्या वाटेपर्यंत जाता आलं, सासूबाई काठावरच थांबल्या. पूलच बघायचा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरावेत आणि हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर दगड बघायची तयारी ठेवावी. दोन्ही एकाच सहलीत नीट जमत नाही.

१२ तारखेला दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परत. इथे समुद्रकाठची खोली शोधण्यात अर्थ नाही. कॉर्बिन्स कोव्ह सोडलं तर शहरात पोहण्याजोगा किनारा नाही आणि ते बाजारापासून दूर पडतं. अबरदीन बाजाराच्या परिसरात राहिलं की सेल्युलर जेल जवळ, आणि संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम संपल्यावर म्हाताऱ्या माणसाला घेऊन रिक्षा शोधत फिरावं लागत नाही. त्या कार्यक्रमाची तिकिटं आयत्या वेळी मिळतीलच असं नाही, सहलीआधी ऑनलाइन काढून ठेवावीत. आमच्या हॉटेलचा चेकआउट साडेसातला होता आणि विमान पावणेबाराचं. दोन तास जास्त हवेत म्हणून आदल्या रात्री विचारलं, तर पुढचे पाहुणे पहिल्या विमानाने येत नसल्यामुळे पैसे न घेता दिले. सकाळी विचारलं असतं तर पाचशे पडले असते, असं काउंटरवरच्या पाटीवर लिहिलेलं होतं.